बंद मोटरीचा करंट

भागुजी भालेरावांनी विहिरीवरच्या मोटरीच्या पेटीला चुंबकाची एक डबी चिकटवली होती आणि ती कशासाठी असं कुणी विचारलं, की ते भाचीचं नाव पुढं करत. "आमची प्रज्ञा सायंटिस्ट हाय. तिनंच सांगितलंय." एवढं ऐकलं की विचारणारा गप्प व्हायचा. अवसरी बुद्रुकमध्ये ही डबी बऱ्यापैकी गाजली. फक्त प्रज्ञाला तिचा पत्ता नव्हता.

प्रज्ञा म्हणजे भागुजींच्या धाकट्या बहिणीची मुलगी. वारूळवाडीला वाढलेली, आता पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी. करणारी. तिला तिथं प्रवेश मिळाला तेव्हा मामांनी पहिल्यांदा विचारलं होतं, "कंच्या ताऱ्यावर काम करनार?" खोडदच्या दुर्बिणी शेजारच्या तालुक्यात असल्यामुळं सायंटिस्ट म्हणजे तिथं बसून वर बघणारा माणूस, अशी त्यांची पक्की समजूत. तारा नाही, खडा, असं प्रज्ञानं सांगितलं. तिळाएवढा, करडा, चकचकीत.

"तीळ बघाया पुन्याला जायचं व्हय," मामा म्हणाले. पण गावात सांगताना त्यांनी तिळाचा हरभरा केला होता.

जयंतीच्या आठवड्यात विहारात तिचं व्याख्यान ठेवलं. ठेवलं म्हणजे मामांनीच ठेवलं. समोर शाळेतली मुलं, मागं मोठी माणसं, आणि पहिल्या रांगेत कडक इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात मामा. प्रज्ञानं जमेल तितकं सोपं करून सांगितलं. तांब्याच्या तारेतून वीज सहज जाते, लाकडातून जात नाही. तिचा खडा या दोघांच्या मधला. टोपॉलॉजिकल सेमीमेटल असं त्याचं लांबलचक नाव. त्यात विजेचे कण थोडेच असतात, पण जे असतात ते असे सुसाट पळतात की जणू त्यांना वजनच नाही. तांब्याला चुंबक लावला तर त्याचा विजेला होणारा अडथळा, म्हणजे रोध, जेमतेम बदलतो. या खड्याला चुंबक आडवा लावला तर रोध शेकडो पटींनी वाढतो. आणि खडा हाडं गोठतील इतका गार करून, वीज ज्या दिशेनं चालली आहे त्याच दिशेनं चुंबक लावला, तर रोध उलट कमी व्हायला पाहिजे असं सिद्धांत सांगतो. ते खरंच होतं का, हे मी बघते आहे, असं म्हणून ती खाली बसली.

टाळ्या झाल्या. मामांनी एवढ्या सगळ्यातून शेवटचं तेवढं उचललं. चुंबक लावला की रोध कमी. तिळाएवढ्या खड्यात, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, एकाच दिशेनं आणि तेही सिद्धांतानुसार, हा सगळा तपशील त्यांच्या मते किरकोळ होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते एका शेती प्रदर्शनाला गेले. तिथं एक गोड बोलणारा माणूस काळ्या डब्या विकत होता. मोटरीच्या पेटीवर, अँपिअर मीटरच्या बरोबर डाव्या हाताला ही चिकटवा. आतल्या चुंबकानं तारेतला रोध कमी होतो, मोटर कमी करंट ओढते, तापत नाही, जळत नाही. विकणाऱ्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत भागुजींनी त्यालाच समजावून सांगायला सुरुवात केली. तो माणूस हात जोडून म्हणाला, "साहेब, तुम्हाला तर सगळंच माहीत आहे." मग दोन डब्या घेण्यावाचून इलाज उरला नाही. एक त्यांनी आपल्या पेटीला लावली आणि दुसरी बांधाला बांध असलेल्या सयाजीला दिली.

मे महिना संपता संपता प्रज्ञा सुट्टी काढून अवसरीला आली, ती जमिनीपासून वीतभर वरूनच चालत होती. तिच्या प्रयोगाचा निकाल लागला होता. कित्येक आठवडे खड्याला केसाहून बारीक सोन्याच्या तारा चिकटवून, त्याला द्रव हेलियमच्या गारठ्यात बुडवून, ती चुंबकाचा जोर वाढवत होती आणि रोध मोजत होती. आणि चुंबक विजेच्या दिशेनं वळवल्यावर रोध खरोखरच घसरायला लागला होता. थोडाथोडका नाही, घसरगुंडीवरून घसरावा तसा. तिच्या गाईड मॅडमनी तो आलेख बघून चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि बंगळूरच्या परिषदेत बोलायला तिचं नाव पाठवून दिलं.

जानकाबाई मामींनी मासवडी केली होती. मामांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "मग निघालं का तुझं?"

"निघालं, मामा. चुंबक वाढवत गेले तसा रोध कमी कमी होत गेला."

"माझं कवाच निघालंय."

"तुमचं काय?"

जानकाबाईंनी रस्सा वाढताना नवऱ्याकडं बघितलं. "सांगा की आता. जिच्या नावावर साऱ्या गावाला सांगितलं, तिला तेवढं सांगायचं राह्यलंय."

मामांनी सांगितलं. डबीचं सांगितलं, प्रदर्शनातल्या माणसाचं सांगितलं, सुई कशी खाली येते तेही सांगितलं. प्रज्ञा घास हातात धरून ऐकत राहिली. मग म्हणाली, "पण मामा, रोध कमी झाला तर करंट वाढेल. कमी कसा होईल?"

"ते तुझ्या खड्यात. मोटरीचं येगळं असतं."

"चला, मला दाखवा."

"जेवून घे आदी," मामी म्हणाल्या. "डबी काय पळून जाती व्हय."

त्या आठवड्यात शेतीला दिवसाची लाईट होती, रात्री विहिरीवर जावं लागत नव्हतं, त्यामुळं बिबट्याची धास्ती नव्हती. कोथिंबिरीच्या वाफ्यांमधून दोघं विहिरीवर गेले. मोटर चालू होती. पत्र्याच्या पेटीवर गोल मीटर आणि त्याच्या डाव्या अंगाला ती काळी डबी, एखाद्या माणसाच्या खिशाला बिल्ला असावा तशी. सुई नवावर होती.

"आता बघ," मामा म्हणाले. त्यांनी डबी उपटली. सुई बारावर गेली. डबी लावली, पुन्हा नवावर. त्यांनी हे तीनदा करून दाखवलं आणि दर वेळी भाचीच्या तोंडाकडं बघितलं. "काय म्हनतं तुमचं शास्त्र?"

"डबी इथंच का लावायची?"

"त्यानं सांगितलं तसं. मीटरच्या डाव्या हाताला. लांब लावली तर गुन येत न्हाई."

"म्हणजे रोध तारेतला कमी होतो, पण डबी तारेवर लावायची नाही."

प्रज्ञानं डबी काढली आणि विहिरीत उतरणाऱ्या केबलला सुतळीनं बांधली. सुई बारावरच राहिली.

"केबल जाड हाय," मामा म्हणाले.

मग प्रज्ञानं डबी सोडली आणि मीटरच्या उजव्या हाताला लावली. सुई पंधरावर गेली.

"उलट्या अंगानं लावल्यावर उलटाच गुन येनार की." मामांनी हे एवढ्या झटक्यात म्हटलं की प्रज्ञाला हसू आवरेना.

"बरं. आता मोटर बंद करा."

त्यांनी लाल बटण दाबलं. विहिरीतला आवाज थांबला, पाइपाच्या तोंडातून शेवटचं पाणी गळलं आणि सुई शून्यावर आली. डबी अजून उजव्या बाजूलाच होती. प्रज्ञानं ती मीटरच्या आणखी जवळ सरकवली. सुई हलली, वर उठली आणि तिनावर जाऊन थांबली.

"मोटर बंद आहे ना, मामा?"

मामांनी विहिरीकडं कान दिला. मग मीटरकडं बघितलं. मग खात्रीसाठी लाल बटण पुन्हा एकदा दाबलं. सुई तिनावरच.

"बंद मोटर तीन अँपिअर खाते," प्रज्ञा म्हणाली. "मीटरच्या आत लोखंडाचा छोटा तुकडा असतो, त्याला सुई जोडलेली. चुंबक त्या तुकड्याला आपल्याकडं ओढतो. करंटचा आणि डबीचा काही संबंध नाही. उजवीकडून ओढला की सुई वर, डावीकडून ओढला की खाली. हे बघा." आणि तिनं डबी डावीकडं लावली.

सुई शून्याच्याही खाली गेली आणि कडेच्या खिळ्याला टेकून बसली.

"आता तर तुमची मोटर बंद राहून डीपीला वीज परत पाठवतेय," प्रज्ञा हसत म्हणाली.

आणि हसता हसताच ती थांबली.

तिच्या आलेखातही तेच होतं. चुंबक सगळ्यात जास्त केल्यावर तिच्या खड्याचा रोध घसरत घसरत शून्याच्या जरासा खाली गेला होता. जरासाच. तसं असतं तर खडा विजेला अडवायचं सोडून उलट पुढं ढकलत होता असा अर्थ झाला असता, आणि असं होत नसतं. उपकरणाची किरकोळ चूक असेल म्हणून तिनं ते सोडून दिलं होतं. मॅडमना दाखवलेल्या चित्रात तर तिनं आलेखाची खालची कड शून्याच्या वरच कापली होती, दिसायला बरं म्हणून.

मामा विहिरीच्या कठड्यावर बसले. त्यांना भाचीच्या गप्प होण्याचा अर्थ आपल्यापुरता लागला. "तुला वाटत आसंल, मामा लई येडा."

"नाही मामा."

"येडाच. पन माझं सोड. सयाजीचं काय करायचं?"

मग त्यांनी सयाजीचं सांगितलं. मधल्या काळात व्होल्टेज फार पडलं होतं, आणि व्होल्टेज पडलं की मोटर जास्त करंट ओढते. सयाजीचा स्टार्टर सारखा बंद पडायचा. खरं तर तो मोटर वाचवायलाच बंद पडत होता. पण डबीमुळं सुई कमी दाखवत होती. सुई खाली आहे म्हणजे स्टार्टरच येडा, असं म्हणून सयाजीनं त्याचा ओव्हरलोडचा स्क्रू, म्हणजे किती करंटला बंद पडायचं ते ठरवणारा, पिळून ठेवला आणि मोटर चालूच ठेवली. ती जळाली. मोटर त्याच्या थोडेच दिवस आधी, मोटरी दुरुस्त करणाऱ्या मंचरच्या सावळेरामकडून आतली तार नव्यानं भरून आणलेली होती. सयाजी सावळेरामच्या दुकानात गेला आणि गिऱ्हाइकांसमोर त्याला म्हणाला, की तू हलकी तार भरलीस. दोघं शाळेपासूनचे मित्र. तेव्हापासून बोलत नव्हते.

"आन सयाजीच्या बाजूनं सावळेरामला चार शब्द म्याच सुनावले," मामा म्हणाले. "शास्त्राचा दाखला देऊन."

प्रज्ञानं त्यांच्या शेजारी बसकण मारली. "मामा, माझंही तसंच झालं असणार."

"तुझी कुटं मोटर हाय?"

तिनं सांगितलं. आलेख, शून्याची रेघ, कापलेली कड. मामांना त्यातलं अर्धं समजलं. ते म्हणाले, "आसंल का पन तसं? तिथं तर लाखाची यंत्रं."

"यंत्र बरोबरच असेल. मी तारा कुठं लावल्या, तिथं घोळ असेल."

दोघं घरी आले. जानकाबाईंनी दोघांची तोंडं बघितली आणि काही न विचारता चहा टाकला. मग न राहवून म्हणाल्या, "जाताना हासत गेलात, येताना मयताहून आल्यागत. डबी विहिरीत पडली काय?"

"पडली असती तर बरं झालं असतं," मामा म्हणाले.

पुण्याला परत गेल्यावर प्रज्ञानं कुणाला काही सांगितलं नाही. तिनं तोच खडा काढला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि त्याच्याकडं बघत बसली. वीज आत सोडणारी आणि बाहेर काढणारी अशा दोन तारा दोन्ही टोकांना होत्या, टोकाच्या मधोमध, चांदीच्या पेस्टच्या छोट्या टिपक्यांनी चिकटवलेल्या. व्होल्टेज मोजणाऱ्या दोन तारा खड्याच्या कडेला. तिथं चिकटवायला सोपं म्हणून कडेला. बाकी काही कारण नव्हतं.

साध्या तांब्यात हे चाललं असतं. त्यात वीज सगळीकडं सारखी पसरते. पण या खड्यातल्या सुसाट कणांना चुंबक विजेच्या दिशेनं लावला, की ते इकडंतिकडं पसरायचं सोडून देतात आणि या टिपक्यापासून त्या टिपक्यापर्यंत एका धारेनं सरळ जातात. पाणी सगळ्या वाफ्यात न पसरता मधून एकच चर पाडून निघून जावं, तसं. कडेच्या तारांना मग वीज कळतच नाही. त्या सांगतात, व्होल्टेज कमी झालं. आपण समजतो, रोध कमी झाला. रोध असतो तिथंच असतो.

हे तिनं वाचलेलं होतं. पीएच.डी.च्या पहिल्याच वर्षी, दुसऱ्यांच्या चुकांबद्दल. तेव्हा तिला वाटलं होतं, इतकं साधं कसं लक्षात येत नाही लोकांना.

तिनं सगळ्या तारा सोडवल्या. पहिल्यांदा टोकाचे टिपके तसेच ठेवून व्होल्टेजच्या तारांची एक जोडी कडेला आणि दुसरी मधल्या रेषेत लावली. चुंबक वाढवल्यावर कडेची जोडी म्हणाली रोध घसरतोय, मधली म्हणाली वाढतोय. एकच खडा, एकच वेळ आणि दोन उत्तरं. मग तिनं दोन्ही टोकं पूर्णच्या पूर्ण चांदीच्या पेस्टनं माखली, म्हणजे वीज सगळ्या तोंडातून सारखी आत जाईल. आता दोन्ही जोड्यांचं बऱ्यापैकी जमलं. घसरगुंडी गेली. रोध थोडासा वाढत होता, आणि बाकी काही नव्हतं.

त्याच आठवड्यात मामांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ते म्हणाले, "मग तपासलंस का?"

"तपासलं. चूकच होती."

"मॅडमला सांगितलंस?"

"नाही अजून. तुम्ही सयाजीमामांना सांगितलंत?"

"डबी काढून आनली त्याच्या पेटीवरली. म्हटलं, कंपनीनं परत मागवलीय."

"मामा."

"आगं, सांगनारच हाय. पन त्यो लई तापट मानूस. तू सांग आदी. तुझी मॅडम शिकलेली हाय, ती मारनार तरी न्हाई."

"तुम्ही मोठे आहात. तुम्ही आधी."

"चूक तुझी आदीची हाय. तू जयंतीला बोललीस, मग म्या डबी आनली."

शेवटी असं ठरलं की सोमवारी दोघांनीही सांगायचं, आणि संध्याकाळी फोनवर एकमेकांना खरं काय ते बोलायचं.

सोमवारी प्रज्ञा मॅडमच्या खोलीत गेली. तिनं दोन्ही आलेख टेबलावर ठेवले, जुना आणि नवा. जुना या वेळी न कापलेला होता. मॅडमनी बराच वेळ बघितलं. चष्मा काढला, पण पुसला नाही.

"ही खालची कड आधी कुठं होती?"

"मी कापली होती."

"का?"

"चांगली दिसत नव्हती."

प्रज्ञाला वाटलं, आता ऐकावं लागणार. त्या म्हणाल्या, "आणि मी विचारलं नाही. शून्याची रेघ नसलेला आलेख माझ्यासमोर आला आणि मी तो बघून लगेच बंगळूरला तुझं नाव पाठवलं. म्हणजे दोघींनाही तो तसाच हवा होता." मग म्हणाल्या, "तुला हे सुचलं कसं? आपल्या ग्रुपमधल्या कुणी विचारलं का?"

"नाही. माझ्या मामांची मोटर."

तिनं सगळं सांगितलं. लाल बटण दुसऱ्यांदा दाबलेलं ऐकून मॅडम हसायला लागल्या, त्या थांबेचनात. शेवटी डोळे पुसत म्हणाल्या, "परिषदेतून नाव काढायचं नाही. हेच सांगायचं. एका खड्यात एका वेळी दोन उत्तरं कशी येतात, ते. पुष्कळांच्या उपयोगाचं आहे. आणि आडव्या चुंबकानं रोध शेकडो पटींनी वाढतो ते तर खरंच आहे, ते सहा तारांनी नीट मोजून टाक."

प्रज्ञा खोलीबाहेर आली तेव्हा तिचे पाय जमिनीवर होते, आणि तिला भूक लागली होती.

इकडं भागुजींनी सोमवारची संध्याकाळ होत आली तरी काही सांगितलं नव्हतं. जानकाबाई म्हणाल्या, "पोरीचा फोन येईल. मी उचलीन आन खरं ते सांगीन." तेव्हा ते उठले.

सयाजी बांधावर गवत कापत होता. भागुजींनी त्याला बोलावून आपल्या पेटीपाशी नेलं आणि एक शब्दही न बोलता प्रज्ञानं दाखवलं होतं ते सगळं करून दाखवलं. बंद मोटर, तीन अँपिअर. सयाजी मीटरकडं बघत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे मोटर म्याच जाळली."

"दोघांनी मिळून जाळली," भागुजी म्हणाले. "डबी माझी, स्क्रू तुझा."

"आन सावळेराम?"

"त्याचं काय न्हाई यात. त्याची तार चांगली व्हती."

सयाजी तापट होता हे खरं, पण त्या दिवशी तापायला त्याला कुणी सापडेना. तो विळा हातात घेऊन नुसताच उभा राहिला. मग म्हणाला, "उद्या चल मंचरला. तू बोल. मला नाय जमायचं."

दुसऱ्या दिवशी दोघं सावळेरामच्या दुकानात गेले. सावळेराम एका मोटरीत तार भरत होता. त्यानं मान वर केली, दोघांना बघितलं आणि पुन्हा खाली घातली. दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं बसलेली. भागुजींनी घसा साफ केला आणि सांगितलं. बाहेर जरा बोलू, असं म्हणायचं त्यांनी येताना ठरवलं होतं, पण ते राहूनच गेलं आणि सगळ्यांसमोर बोलून झालं. शेवटी सयाजी म्हणाला, "माझं चुकलं, सावळ्या."

सावळेराम बराच वेळ तार गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "डबी आनलीय का?"

भागुजींनी खिशातून काढली. सावळेरामनं आपल्या टेस्टिंगच्या फळीवरच्या मीटरजवळ ती धरली. सुई उठली. त्यानं ती दुसऱ्या बाजूला धरली. सुई खाली बसली. त्यानं भागुजींना स्टुलाकडं बोट दाखवलं. "बसा, भाऊ. तुमाला आज काम हाय."

ते काम असं होतं की दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला भागुजींनी डबी दाखवायची, बंद मीटरची सुई हलवून दाखवायची, आणि ही डबी कुणी आणली होती तेही सांगायचं. सावळेराम मान वर न करता मधूनच म्हणायचा, "नाव सांगा की, भाऊ. नाव राह्यलं." सयाजी बाकावर बसून चहा पीत होता. दुपारपर्यंत त्याला हसू येऊ लागलं, आणि संध्याकाळी दुकान बंद करताना सावळेरामनं दोघांना आपल्या गाडीवरून स्टँडपर्यंत सोडलं.

घरी आल्यावर भागुजी जानकाबाईंना म्हणाले, "एकदा मारलं असतं तर बरं झालं असतं."

परिषद पावसाळ्यानंतर झाली. प्रज्ञा पहिल्यांदाच विमानात बसली. बोलायची पाळी आली तेव्हा तिनं आधी जुना आलेख पडद्यावर टाकला, खालची कड न कापता, आणि शून्याखालच्या त्या जराशा तुकड्याकडं काठी रोखून म्हणाली की माझ्या संशोधनातला सगळ्यात खरा भाग हा आहे. मग तारांच्या दोन जोड्या दाखवल्या, मग आडव्या चुंबकाचं मोजमाप. बोलणं संपल्यावर मागच्या रांगेतले एक वयस्कर प्राध्यापक उभे राहिले. ते म्हणाले की मला प्रश्न नाही, एक विनंती आहे, हे चित्र माझ्या विद्यार्थ्यांसाठी पाठवाल का. नंतर टाळ्या झाल्या. नेहमी होतात त्याहून जरा जास्तच.

चहाच्या वेळी तिनं हॉलबाहेरच्या व्हरांड्यात जाऊन घरी फोन लावला. जानकाबाईंनी उचलला. तिथं जेवायला काय असतं, रात्री पांघरूण पुरतं का, बरोबर कुणी बाई माणूस आहे का, हे सगळं विचारून झाल्यावर त्या म्हणाल्या, "बोलनं कसं झालं?"

"चांगलं झालं, मामी. चूक कशी झाली ते सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या."

"चूक सांगितली म्हनून?"

"हो."

पलीकडं जरा वेळ कुजबुज ऐकू आली. मग फोन मामांच्या हातात गेला. "आगं, हे काय ऐकतोय मी. म्या बी सांगितली की चूक. मंचरात, भर दुकानात, दिवसभर. मला तर कुनी टाळ्या वाजवल्या न्हाईत."

"नाही वाजवल्या?"

"येकानं बी न्हाई. सावळ्या नुसता म्हनत व्हता, नाव सांगा."

प्रज्ञानं फोन खांदा आणि कान यांच्यात धरला, दोन्ही हात मोकळे केले आणि मामांना नीट ऐकू जातील अशा टाळ्या वाजवायला लागली. व्हरांड्यात चहा पीत उभी असलेली मंडळी वळून बघायला लागली. कशासाठी ते कळलं नाही, तरी त्यांच्यातल्या एकानं कप खाली ठेवला आणि तोही वाजवू लागला.

"आता किती जन हायेत?" मामांनी विचारलं.

"दोघं," प्रज्ञा म्हणाली. "थांबा, तिसरा येतोय."